नणंदेच्या पित्ताशयाची सहल

माझ्या नणंदेचं पित्ताशय ठणठणीत आहे, आणि तेव्हाही होतं. हे आधीच सांगून टाकते, कारण २००७ सालच्या ऑक्टोबरमध्ये व्हर्जिनियातल्या हर्नडनमध्ये आणि आसपासच्या गावांत जितकी मराठी घरं होती, त्या सगळ्यांत त्या पित्ताशयाची काळजी चालली होती. एका घरात तर त्याच्यासाठी अथर्वशीर्षाची आवर्तनं झाली. ऑपरेशन न्यू जर्सीत, एडिसनला झालं आणि मी नणंदेच्या सेवेला गेले, अशी सगळ्यांची समजूत होती. प्रत्यक्षात मी ऑस्ट्रियात बसून चॉकलेटचा केक खात होते.

सुरुवात माइल्सपासून झाली. माझा नवरा सॉफ्टवेअर टेस्टर. त्या वर्षी तो एका क्लायंटसाठी दर सोमवारी डॅलसला जायचा आणि गुरुवारी परत यायचा. त्यातून विमान कंपनीतल्या त्याच्या खात्यात युरोपच्या एका फुकट तिकिटापुरते माइल्स साठले. दोन तिकिटांपुरते नाहीत, एकाच. आणि ते डिसेंबरअखेर बाद होणार होते. नवरा पुण्याचा, त्यामुळे काहीही बाद होणार म्हटलं की तो कागद-पेन घेऊन बसतो. माइल्सच्या बदल्यात काय काय मिळतं याची यादी त्यानं काढली. टोस्टर, चाकांची बॅग, गोल्फची मासिकं.

"टोस्टर आहे आपल्याकडे," मी म्हटलं. "मी जाते."

"कुठे?"

"युरोपला."

"कुणाबरोबर?"

"एका माणसाचं तिकीट आहे ना?"

तो हसला. मी हसले नाही, तेव्हा त्याचं हसू हळूहळू उतरत गेलं.

आता जरा मागचं सांगते. लग्नाआधी मी नागपूरला एका औषध कंपनीत मेडिकल रिप्रेझेंटेटिव्ह होते. महिन्यातले दहा दिवस वर्धा, चंद्रपूर, गोंदिया असं एसटीनं फिरायचं, लॉजवर एकटीनं राहायचं, उर्मट डॉक्टरांच्या केबिनबाहेर तास-तास बसायचं आणि शेवटी त्यांना आपलं औषध लिहायला लावायचं. मला मजा यायची. २००१ मध्ये नवऱ्याच्या मागोमाग अमेरिकेत आले ती डिपेंडंट व्हिसावर. त्या व्हिसावर श्वास घेता येतो, स्वयंपाक करता येतो, नोकरी करता येत नाही. सहा वर्षांत मी कुणाची तरी बायको होते, कुणाची तरी आई होते, आणि महाराष्ट्र मंडळात मसालेभात होते. खरंच, लोक मला फोनवर "अगं मसालेभात, कशी आहेस?" असं म्हणायचे. त्या सहा वर्षांत मी एकही रात्र एकटी राहिले नव्हते, एका ठिकाणीही माझी मी गेले नव्हते. मला याचा राग यायचा. कुणावर ते कळायचं नाही, म्हणून तो बहुधा भांड्यांवर निघायचा.

तर मला एकटीला जायचं होतं. कारण एवढंच, त्याच्या मागे-पुढे काही नाही. ते कुणाला सांगितलं की मात्र समोरचा माणूस मागे-पुढे बघायला लागतो.

आठ वर्षांची मुलगी तेवढी थेट बोलली. "सो, इट्स अ व्हेकेशन फ्रॉम अस?"

"नाही गं, बाबाचे माइल्स वाया जातील ना."

"ओके," ती म्हणाली आणि पुन्हा टीव्हीकडे वळली. खोटं बोलण्याची सुरुवात खरं म्हणजे मीच केली होती, हे आत्ता लिहिताना लक्षात येतंय.

मला पॅरिस हवं होतं. पण माइल्सवर जागा तिथेच मिळते जिथे कुणालाच जायचं नसतं. कोलंबस डेच्या लाँग वीकेंडला युरोपभर शोधून नवऱ्याला एकच गाव मिळालं, ग्राट्स. आम्ही दोघांनीही नाव ऐकलेलं नव्हतं. नकाशात ते ऑस्ट्रियाच्या खालच्या कोपऱ्यात सापडलं. नवऱ्याचं त्या आठवड्यात गो-लाइव्ह होतं, म्हणजे त्यानं तपासलेलं सॉफ्टवेअर लोक खरोखर वापरणार होते, त्यामुळे तो घरूनच काम करणार होता आणि मुलगी त्याच्याकडे राहणार होती.

व्हिसासाठी रोजचा कार्यक्रम लिहून द्यावा लागतो. नवऱ्यानं तो टेस्टरच्या पद्धतीनं तयार केला. चार पानी तक्ता. पहिल्या रकान्यात वेळ, दुसऱ्यात ठिकाण, तिसऱ्यात ‘अपेक्षित परिणाम’. शनिवार, सकाळी दहा, किल्ल्याची टेकडी. अपेक्षित परिणाम, किल्ला दिसणे. सोबत एक पत्रही होतं की माझी पत्नी एकटी प्रवास करत आहे, त्याला माझी हरकत नाही. ते वाचून मला इतका संताप आला की पत्र फाडावंसं वाटलं. पण कमावत नसलेल्या बाईला ते पत्र लागतंच. वकिलातीतल्या बाईंनी ते वाचलं, चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं, आणि शिक्का मारला.

"मंडळात सध्या कुणाला सांगू नकोस," नवरा त्या संध्याकाळी म्हणाला.

"का?"

"विचारतील."

"काय विचारतील?"

"घरी सगळं ठीक आहे ना, वगैरे."

"मग सांग, ठीक आहे. आहे ना?"

"आहे की," म्हणून तो डिशवॉशर रिकामा करायला गेला. डिशवॉशर अजून चालू होता.

निघायच्या दोन दिवस आधी दारावरची बेल वाजली. मंडळाच्या काकू उभ्या होत्या. त्या सत्तरच्या दशकात डॉक्टर काकांबरोबर इकडे आलेल्या. आता काका रिटायर झालेत आणि काकू मंडळ चालवतात. अध्यक्ष दरवर्षी बदलतो, काकू बदलत नाहीत. त्यांच्या हातात बेसनाच्या लाडवांचा मोठा डबा होता.

"तुझ्या नणंदेला दे हो. आणि किती गुणाची आहेस गं तू! हल्लीच्या मुली सख्ख्या आईसाठी जात नाहीत, तू नणंदेसाठी चाललीस."

मी डबा घेतला. काही कळेना. काकूंच्याच बोलण्यातून हळूहळू उलगडलं की ताईंच्या, म्हणजे माझ्या नणंदेच्या पित्ताशयात खडे झालेत, शुक्रवारी ऑपरेशन आहे, आणि मी चार दिवस एडिसनला चाललेय. हे त्यांना माझ्या नवऱ्यानं देवळाच्या पार्किंगमध्ये सांगितलं होतं. पित्ताशयाच्या पेशंटला तुपातले बेसनाचे लाडू एका डॉक्टरची बायको पाठवत होती, हे त्या क्षणी मला सुचलंसुद्धा नाही.

आम्ही भांडणं बेसमेंटमध्ये करतो. टाउनहाउसच्या भिंती पातळ असतात आणि पलीकडे तेलुगू कुटुंब राहतं. त्यांना मराठी येत नसलं तरी सूर कळतो.

"पित्ताशय?" मी म्हणाले.

"पटकन तेच सुचलं. वहिनी कुठे चालल्यात म्हणून कुणीतरी विचारलं, काकू शेजारीच होत्या."

"आणि ताईंना माहितेय, त्यांचं ऑपरेशन आहे ते?"

"सांगितलंय. ती खूष आहे. चार दिवस फोन उचलणार नाही म्हणाली."

"माझी लाज वाटते तुला?"

"अगं, लाज काय त्यात! लोक कसे आहेत, माहितेय ना."

"मी तिकडे काय चोरी करायला चाललेय? सहा वर्षांत एक गोष्ट माझी स्वतःची करतेय, तीसुद्धा तू तुझ्या बहिणीच्या नावावर लावलीस!"

तो जिन्याच्या पायरीवर बसला. मग म्हणाला, "आल्यावर सांगतो. सगळ्यांसमोर. प्रॉमिस."

"तुझ्या तोंडानं. मी एक अक्षर बोलणार नाही."

"हो, माझ्या तोंडानं."

या बोलीवर मी निघाले. डलेस विमानतळ आमच्या घरापासून दहा मिनिटांवर आहे, आणि तिथे कुणी ना कुणी मराठी माणूस कुणाला तरी सोडायला आलेलाच असतो. त्यामुळे नवऱ्यानं मला त्याची बेसबॉलची टोपी घालायला लावली, दारापाशी बॅग उतरवली आणि बँक लुटून पळावं तशी गाडी पळवली. सिक्युरिटीत माझा लाडवांचा डबा दोनदा मशिनीतून गेला. वास घेऊन त्या माणसानं विचारलं, हे काय आहे. मी म्हटलं, औषध.

ग्राट्समध्ये मी एका म्हाताऱ्या बाईंच्या घरी खोली घेतली होती. त्यांनी दार उघडलं, माझ्या पायांकडे बघितलं आणि चपलांची एक जोडी पुढे केली. बूट बाहेर काढायचे, घरात घरातल्या चपला. मला एकदम मोकळं वाटलं. त्यांचं इंग्रजी माझ्या जर्मनपेक्षा बरं होतं, म्हणजे होतं. त्यांनी मला दोनच प्रश्न विचारले. सकाळी अंडं चालेल का? खिडकी उघडी ठेवू का? एकटी का आलीस, नवरा काय करतो, मुलं किती, यातलं काही नाही. मी वाट बघत होते. मनात उत्तरंही तयार होती. ती तशीच राहिली.

पहिल्या दिवशी मी नदीकाठच्या कॅफेत केक मागवला. अर्धा खाल्ला आणि उरलेला अर्धा नकळत पेपर नॅपकिनमध्ये गुंडाळला, मुलीसाठी. पर्समध्ये ठेवताना लक्षात आलं की मुलगी सात हजार किलोमीटरवर आहे. मग पुडी सोडली आणि तो अर्धाही खाल्ला. अपराधी वाटेल म्हणून थोडा वेळ थांबले. वाटलं नाही, म्हणून आणखी एक मागवला.

नवऱ्याचा तक्ता मी पहिल्याच दिवशी लाडवांच्या डब्याखाली घातला, तूप सांडू नये म्हणून. घड्याळही काढून ठेवलं. गावाच्या मधोमध टेकडी आहे, तिच्यावर घड्याळाचा मोठा मनोरा आहे, कुठूनही दिसतो. वेगळं घड्याळ हवंय कशाला? दुसऱ्या दिवशी सकाळपासून मी गल्लीबोळ हिंडत होते, लाल कौलं बघत होते, नदीपलीकडची ती निळी इमारत बघत होते, जी उताण्या पडलेल्या प्रचंड वांग्यासारखी दिसते आणि जिच्यात म्हणे आधुनिक चित्रं आहेत. भूक कडकडून लागली. मनोऱ्याकडे बघितलं तर सव्वादहा. म्हटलं, एवढं खाऊन निघालो, आत्ताच कशी भूक? अमेरिकेची वेळ अजून पोटातून गेलेली नाही, कळ काढू. बरंच हिंडून एका खाणावळीत शिरले तर खुर्च्या टेबलांवर चढवलेल्या. दुपारचं जेवण केव्हाच संपलं होतं. वेटरनं मला दाराशी नेऊन मनोऱ्याकडे बोट दाखवलं. या घड्याळात लांब काटा तासाचा आणि आखूड काटा मिनिटांचा. म्हणजे मी सव्वादहा वाचले तेव्हा तीनला दहा मिनिटं कमी होती. पहिल्यांदा नुसताच तासाचा काटा होता, लांबून दिसावा म्हणून मोठा केलेला. मिनिटांचा नंतर लावला, मग त्याला लहान करण्यावाचून गत्यंतर नव्हतं. सगळं गाव शेकडो वर्षं उलटं वाचतंय आणि कुणाचं काही अडत नाही. मला हे गाव भयंकर आवडलं. दुपारचं जेवण म्हणून मी टेकडीवर बसून चार बेसनाचे लाडू खाल्ले.

तिथेच बसून राहिले. खाली गाव पिवळं होत गेलं. आणि सातच्या सुमाराला फोन वाजला. माझाच हर्नडनचा फोन, नवऱ्यानं रोमिंग चालू करून दिलं होतं, कारण एडिसनला असलेल्या माणसाचा फोन लागायला हवा ना. काकू होत्या. तिकडे दुपारचा एक वाजला होता.

"कशी आहे गं ताई?"

"बऱ्या आहेत. झोपल्यात."

"तुला त्रास देत नाही. दसऱ्याच्या पॉटलकला शंभर माणसं होतायत. मसालेभाताला तोंडली किती लागतील?"

"आठ पाउंड."

"फ्रोझन चालतील?"

"फ्रोझन गळतात काकू. ताजीच आणा."

एवढ्यात माझ्या मागे घण्ण करून घंटा वाजली. दुसऱ्या बुरुजात एक अवाढव्य घंटा आहे, ती सकाळी सातला, दुपारी बाराला आणि संध्याकाळी सातला वाजते. आणि वाजते म्हणजे एकशे एक ठोके देते. शत्रूच्या एकशे एक तोफगोळ्यांचं लोखंड वितळवून ती ओतली, असं घरमालकीणबाईंनी सांगितलं होतं. मी फोन पोटाशी धरला, वाकले, बाकामागे लपले. घंटेला काय त्याचं!

"अगं, देवळात आहेस का?" काकूंचा आवाज मऊ झाला होता.

तोपर्यंत खोटं नवऱ्याचं होतं. मी म्हटलं, "हो."

"ताईसाठी गेली असशील. थांब हं, मीपण नमस्कार करते." आणि त्या थांबल्या. हर्नडनच्या त्या स्वयंपाकघरात, खांदा आणि कान यांच्यामध्ये फोन धरून, डोळे मिटून, हात जोडून. मला इथून दिसत होत्या. घंटा वाजतच होती. दोन-तीन मिनिटांनी म्हणाल्या, "बाई, केवढी मोठी आरती गं एडिसनला!"

फोन ठेवल्यावर मला हसू आलं आणि लगेच रडूही आलं. त्या बाईनं खऱ्या मनानं हात जोडले होते. मी तिला फसवलं होतं. आणि राग परत नवऱ्याचाच आला, कारण मी उभी होते ऑस्ट्रियातल्या एका सुंदर टेकडीवर आणि मला लपावं लागत होतं. एवढ्या लांब येऊनही मी चार दिवस एडिसनलाच होते.

तिसऱ्या दिवशी काहीच केलं नाही. नदीत तरंगणारं एक लोखंडी बेट आहे, त्यावरच्या कॅफेत बसून होते. दुपारी एकदम जाणवलं की सकाळपासून मला नवऱ्याची आठवण आली नव्हती. मुलीचीही नाही. मी स्वतःला चिमटे काढून बघितलं. नाही म्हणजे नाहीच. छान वाटत होतं, आणि छान वाटतंय याची भीती वाटत होती.

घराजवळ एक इंटरनेट कॅफे होतं. मुलीला ईमेल लिहायला म्हणून गेले. ईमेल लिहिली. मग विमान कंपनीचं पान उघडलं, माझं तिकीट बघितलं आणि त्याखालचे बारीक अक्षरातले नियम वाचले. परतीची तारीख बदलता येत होती. पुढच्या आठवड्यात जागाही होती. घरमालकीणबाईंनी सकाळीच सांगितलं होतं, महिनाभर खोली रिकामीच आहे. मी ते पान शेवटपर्यंत वाचलं आणि बंद केलं. दुसऱ्या दिवशी ठरल्याप्रमाणे निघाले. उरलेल्या लाडवांतले तीन बाईंना दिले. त्यांनी मला भोपळ्याच्या बियांच्या तेलाची बाटली दिली, काळंहिरवं, गाडीच्या इंजिनातून काढल्यासारखं.

डलेसला आम्ही कुणालाच आत जाऊन घेत नाही. विमान उतरलं की फोन करायचा, मग नवरा येतो, चालत्या गाडीत बॅग टाकायची आणि निघायचं. पार्किंगचे पैसे देणं त्याच्या तत्त्वात बसत नाही. त्या दिवशी बाहेर आले तर तो आत, कठड्याला टेकून उभा. दाढी वाढलेली. शेजारी मुलगी जमिनीवर बसून चित्र काढत होती.

"वी केम लाइक टू अवर्स अर्ली," ती म्हणाली. "बाबा डिडंट इव्हन लेट मी गो टू द बाथरूम."

"ट्रॅफिक लागेल असं वाटलं," नवरा म्हणाला. दहा मिनिटांच्या रस्त्यावर.

घरी फ्रीझरमध्ये मी वार लिहून ठेवलेले डबे जसेच्या तसे होते. खालचा फ्रीज मात्र ओसंडत होता. बायकोनं सेवाव्रत घेतलेल्या माणसाला मंडळानं चार दिवस उपाशी ठेवलं नव्हतं. पुरणपोळ्या आल्या होत्या, वांग्याचं भरीत आलं होतं, कुणीतरी सुरळीच्या वड्यासुद्धा केल्या होत्या. माझ्या इथल्या सहा वर्षांच्या संसारात मला कधी कुणी सुरळीच्या वड्या आणून दिल्या नाहीत.

पुढचे दोन आठवडे मी देवी झाले. ग्रोसरीच्या दुकानात, शाळेच्या दाराशी, जिथे जाईन तिथे बायका हात हातात घ्यायच्या. "दमली असशील." मी नवऱ्याकडे बघायची. तो म्हणायचा, "सांगतो. दसऱ्याला सगळे एकत्र भेटतील तेव्हा एकदाच सांगतो." ग्राट्सचं मी काहीही बोलू शकत नव्हते. ते उलटं घड्याळ, ते वांगं, तो दुसरा केक, सगळं तोंडात धरून बसले होते. तेलाची बाटली कपाटात पाठीमागे होती.

दसऱ्याचं पॉटलक, म्हणजे प्रत्येकानं आपापला पदार्थ आणायचं जेवण, रविवारी दुपारी एका शाळेच्या कॅफेटेरियात होतं. माझा मसालेभात वाढून झाला, तोंडली ताजी होती, गळली नाहीत. मग काकूंनी माइक हातात घेतला. पुढच्या महिन्यातला दिवाळीचा कार्यक्रम सांगितला, पार्किंगबद्दल झापलं, आणि म्हणाल्या, "आपल्यातल्याच एका मुलीचं मला कौतुक करायचंय." मला कळलं. त्या नणंद, सेवा, संस्कार असं बरंच बोलल्या. शंभर माणसांनी टाळ्या वाजवल्या. काकूंनी माइक माझ्या हातात दिला. "दोन शब्द बोल."

नवरा तिसऱ्या टेबलाशी होता, समोर श्रीखंडाची वाटी. तो वाटीत बघत होता. मी त्याच्यापर्यंत चालत गेले आणि माइक त्याच्यापुढे धरला.

"हा सांगेल," मी म्हटलं.

तो उभा राहिला. एका हातात माइक, दुसऱ्यात चमचा. मला वाटलं, आता हा ताईंची तब्येत सांगणार आणि बसणार. तसं केलं असतं तर पुढे काय केलं असतं, ते मला तेव्हाही ठाऊक नव्हतं आणि आजही नाही.

"मी चुकीची माहिती दिली होती," तो म्हणाला. ऑफिसात सॉफ्टवेअरमधली चूक कळवावी तशा आवाजात. "ताईचं ऑपरेशन झालेलं नाही. ही एडिसनला गेली नव्हती. ऑस्ट्रियाला गेली होती. एकटी. फिरायला. तिला जायचं होतं म्हणून. खोटं मी बोललो, तिनं नाही."

पहिल्यांदा सगळे हसले. विनोद वाटला. तो बसला नाही, तेव्हा हसू थांबलं. कोपऱ्यातल्या टेबलावरून कुणीतरी हळू आवाजात म्हणालं, "एकटी? का पण?" आणि सगळ्या माना माझ्याकडून त्याच्याकडे आणि त्याच्याकडून माझ्याकडे फिरल्या.

काकू माझ्यापाशी आल्या. "म्हणजे ती आरती..."

"किल्ल्यावरची घंटा होती, काकू. तोफगोळ्यांची. तुम्हाला खोटं सांगितलं, चुकलं माझं."

"मी नमस्कार केला होता गं तिला!"

"माहितेय."

"किती वेळ वाजत होती मेली."

"एकशे एक ठोके असतात."

काकूंनी थोडा विचार केला. "एकशे एक म्हणजे तसा आकडा चांगला आहे." मग एकदम, "आणि लाडू?"

"मी खाल्ले. तीन घरमालकिणीला दिले."

"तिला आवडले?"

"दोन तिथल्या तिथे खाल्ले तिनं."

"बेसन खमंग भाजलं होतं यावेळी," काकू म्हणाल्या आणि शिल्लक मसालेभात कुणाला बांधून द्यायचा ते बघायला गेल्या. जाताना माझ्या पाठीवरून हात फिरवला, की ढकललं, ते नीट कळलं नाही.

घरी जाताना मुलगी मागच्या सीटवर झोपली होती. मी खुषीत होते. इतकी, की नवऱ्यावरचा राग शोधूनही सापडेना. मी त्याला उलट्या घड्याळाची गोष्ट सांगितली, पंधरा दिवसांत पहिल्यांदा. तो नीट हसला नाही.

"एवढं सोपं होतं," मी म्हटलं. "आधीच सांगितलं असतंस तर? लोकांना काय, दोन दिवस बोलले असते."

"लोकांचं नव्हतं ते," तो म्हणाला. त्याची नजर रस्त्यावर होती. "तू आली नसतीस, तर मला काहीतरी सांगावं लागलं असतं. ऑपरेशन लांबलं म्हणून सांगता आलं असतं."

मी त्याच्याकडे वळले. "वेडा आहेस का? परतीचं तिकीट होतं की माझ्याकडे."

"ते बदलता येतं," तो म्हणाला. "मी त्यांच्या साइटवर जाऊन बघितलं होतं. खालचे नियम असतात ना, ते सगळे वाचले."

ते नियम मला पाठ होते. मी हात लांब करून त्याच्या मांडीवर ठेवला आणि घर येईपर्यंत काढला नाही.